पाटी वाचता येते त्यांना

मुलगा आधी एकटाच आत आला. हातात साड्यांच्या दुकानाची पिशवी, तिच्यात फाईल आणि स्कॅनची मोठाली पाकिटं. खुर्चीवर टेकायच्या आतच म्हणाला, "मॅडम, बाबांना काही सांगू नका. गाठ आहे आणि शेक घ्यायचाय, एवढंच आम्ही सांगितलंय. खरं कळलं तर हाय खातील ते." तो औषधं आणायला खाली गेला आणि बाबा आले. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झालेली. त्यांनी मागे दार ओढून घेतलं. "पोराला बोलू नका हं, मला समजलंय ते. बत्तीस वर्षं गाड्यांच्या पाट्या वाचण्यात गेली माझी. दवाखान्याच्या दारावरची पाटी वाचता येणार नाही होय?"

कॅन्सरच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून बसणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. बाप-लेक एकमेकांना जपायचं म्हणून एकमेकांशी खोटं बोलतात आणि रात्री दोघंही जागे असतात, एक हॉलमध्ये, एक आतल्या खोलीत. आपल्याकडे पेशंटभोवती माणसांचा तुटवडा सहसा नसतो. डबा पोचवणारे असतात, रक्त द्यायला तयार असलेले भाचे-पुतणे असतात, रोज फोन करणाऱ्या नणंदा असतात. पण "मला भीती वाटतेय" असं ज्याच्यापाशी म्हणता येईल असं माणूस त्या गर्दीत बहुतेकदा नसतं. असं माणूस घरातल्या घरात कसं व्हावं, आणि घरात कुणी नसेल तर ते कुठे मिळतं, हेच मला इथं सांगायचं आहे.

सांगावं की नाही

माझं मत विचाराल तर सांगावं. पण सांगणं म्हणजे रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवणं नव्हे. रॉबर्ट बकमन या कर्करोगतज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली वाईट बातमी सांगण्याची एक पद्धत मांडली. जगभरच्या डॉक्टरांना ती आज शिकवतात. तिच्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट घरच्यांनाही सहज जमण्यासारखी आहे : सांगायच्या आधी विचारा. "बाबा, तुम्हाला काय झालंय असं वाटतंय?" हा पहिला प्रश्न. निम्म्या वेळा उत्तरातच कळतं की त्यांना सगळं ठाऊक आहे. दुसरा प्रश्न असा : "डॉक्टर जे जे सांगतील ते सगळं तुम्हाला सांगू, की मी बघून घेऊ?" आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं फार जड जातं, पण उत्तर त्या शांततेतच येतं. "तूच बघ बाबा, मला डोक्याला ताप नको," असं कुणी म्हणालं तर तेही उत्तरच आहे, त्याचा मान ठेवा. महिन्याभरानं मात्र पुन्हा विचारा, कारण माणसाचं मन बदलतं.

ही बोलणी दवाखान्याच्या बाकावर किंवा फोनवर करू नका, आणि रात्री जेवणानंतर तर मुळीच नको. पुढची अख्खी रात्र त्या माणसाला एकट्यानं काढायची असते. सकाळ बरी. आणि खोटं ठरेल असं काही ठासून सांगू नका. "साधी गाठ आहे" म्हणून नेलेल्या बाईचे तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस पडतात, तेव्हा तिचा राग कॅन्सरवर नसतो, तुमच्यावर असतो. त्यानंतर तुम्ही खरं सांगितलं तरी ते तिला खरं वाटत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी अवघड. संदीप सावंत यांचा २००४ चा 'श्वास' बहुतेकांनी पाहिला असेल. कोकणातून आलेल्या परशुरामच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, ऑपरेशन झालं तर जीव वाचेल पण दृष्टी जाईल. सर्जन अडून बसतात : मुलाला सांगितल्याशिवाय मी ऑपरेशन करणार नाही. तो चित्रपट पुन्हा बघितलात तर त्यातल्या समाजसेविकेकडे आणि आजोबांकडे नीट लक्ष द्या. सांगून झाल्यावर पोराचं सांत्वन करण्यात आजोबा वेळ घालवत नाहीत. ते त्याला दवाखान्यातून बाहेर काढतात आणि जेवढं बघून घेता येईल तेवढं दाखवतात. घरात आई किंवा वडील आजारी असतील तेव्हाही मुलांना त्यांच्या वयाच्या शब्दांत सांगावंच लागतं, आणि तीन गोष्टी तर हमखास : हे तुझ्यामुळे झालेलं नाही, जवळ बसल्यानं तुला होणार नाही, आणि तुला शाळेत कोण सोडेल नि डबा कोण देईल हे ठरलेलं आहे. मुलांना तिसऱ्याचीच काळजी जास्त असते. त्यात स्वार्थ वगैरे काही शोधू नका.

"पॉझिटिव्ह राहा"

या दोन शब्दांनी मी पेशंटना जितकं रडताना पाहिलंय तितकं "मेटास्टॅसिस" या शब्दानंही नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण ते म्हणतो, त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण पेशंटला ऐकू येतं ते असं : गाठ वाढली तर तुझंच मन कमी पडलं.

याची शहानिशा झालेली आहे. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ज्या बायका आधारगटात बसत होत्या त्या जास्त जगल्या असं दिसलं. साहजिकच जगभर बोलबाला झाला. मग कॅनडात २३५ बायकांना घेऊन तोच प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २००१ मध्ये आला : आयुष्य वाढलं नाही, मात्र ज्या बायका मनानं फार त्रासलेल्या होत्या त्यांचा त्रास कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवू लागली. पुढे स्पीगल यांनी स्वतः पुन्हा करून पाहिलं, तेव्हा त्यांनाही आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. समुपदेशनाकडून काय अपेक्षा ठेवावी हे यातून नेमकं कळतं. त्यानं गाठ विरघळत नाही. रात्रीची झोप परत येऊ शकते. माझ्या लेखी ती काही लहान गोष्ट नाही.

तेव्हा भेटायला जाल तर "काही लागलं तर सांग" म्हणू नका, कुणीच सांगत नाही. "मंगळवारी केमोला मी सोबत येतो," "या महिन्याचं लाईट बिल मी भरते," असं नेमकं बोला. आधी फोन करून जा आणि अर्ध्या तासात निघा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका, केमो चालू असताना रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे काउंट कमी असतात. अत्तर लावून जाऊ नका. त्या दिवसांत वासानं पोटात ढवळतं, घरातली फोडणीसुद्धा सहन होत नाही. आपल्या मेव्हण्याच्या शेजाऱ्याला कुठल्या रसानं गुण आला हे सांगायची उबळ आली तर पाणी प्या. आणि पेशंट क्रिकेटबद्दल बोलत असेल तर क्रिकेटबद्दलच बोला.

मिश्रीची डबी

इथे जरा थांबते, कारण आपल्या भागातला हा मोठा विषय आहे. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे भरपूर, आणि त्यांच्या मनावर आजाराइतकंच ओझं असतं ते अपराधीपणाचं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण बायकांच्या मिश्रीबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माझ्याकडे आलेल्या एका मावशींचा अर्धा जबडा काढला होता. जीभ वळत नव्हती, लाळ गळायची, म्हणून तोंडावर सतत पदर. घरात त्या सगळ्यांचं जेवण उरकल्यावर, भिंतीकडे तोंड करून जेवत. बोलता येत नव्हतं आणि लिहायला दुसरीपर्यंतचंच येत होतं. मी नातवाची पाटी मागवून घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच लिहिलं नाही. दुसऱ्या खेपेला फार वेळ लावून दोन शब्द लिहिले, "मीच केल". शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "तरी आम्ही सांगत होतो."

असं वाक्य घरात कुणाच्या तोंडून निघत असेल तर ते आज थांबवा. तंबाखूनं कॅन्सर होतो हे खरंच आहे, ते त्यांना आता तुमच्यापेक्षा जास्त कळलंय. मिश्री लावायला त्यांना आठव्या-नवव्या वर्षी त्यांच्याच आजीनं शिकवलेलं असतं, दात दुखतो म्हणून. मी मुलाला बाहेर घेऊन गेले आणि हे एवढंच सांगितलं. मग त्यानं एक गोष्ट केली, ती माझ्या डोक्यात आली नव्हती. घरी गेल्यावर स्वतःचं ताट घेऊन तो आईशेजारी, भिंतीकडे तोंड करून जेवायला बसला. चार-आठ दिवसांनी दोघंही वळून बसले.

ताटाचा विषय निघालाच आहे तर सांगते : कॅन्सर स्पर्शानं, उष्ट्यानं, एका अंथरुणावर झोपल्यानं होत नाही. तरी ताट-वाटी वेगळी ठेवणारी घरं अजून आहेत, शिकलेलीही. पेशंट तक्रार करत नाही, पण ते वेगळं ताट त्याला रोज दोन वेळा दिसतं. ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही ते मग आजाराचं कारण दुसरीकडे शोधत राहतात, कुणाचे तळतळाट लागले, कुठला नवस राहिला. या शोधाला "असं काही नसतं" म्हणून उडवून लावू नका. "तुला असं का वाटतंय?" एवढं विचारून ऐकत राहा. बहुतेकदा त्याखाली सासरचं-माहेरचं एखादं जुनं भांडण निघतं, आणि ते बोलून टाकायचं राहून गेलेलं असतं.

मनाच्या आधी शरीर

"आई हल्ली रडते, चिडते, झोपत नाही. तिला समजवा ना." असं कुणी म्हणालं की मी आधी फाईल उघडते. केमोबरोबर स्टेरॉइड दिलेलं असतं, त्यानं दोन-तीन रात्री झोप उडते आणि चिडचिड होते. ती गोळी सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारलं तरी फरक पडतो. मानेला शेक दिलेला असेल तर पुढच्या काही महिन्यांत-वर्षांत थायरॉइड मंदावू शकतं, आणि मग सुस्ती, उदासी, कशातच मन न लागणं सुरू होतं. ते डिप्रेशन समजून समुपदेशन करत बसण्यात काही अर्थ नाही. सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच तपासून घ्यायचा. हिमोग्लोबिन घसरलेलं असेल तरी माणूस खचल्यासारखा दिसतो. आणि कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर ते "टेन्शन" नाही. शरीरातलं सोडियम किंवा कॅल्शियम बिघडलेलं असू शकतं, जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुखण्याचंही तसंच. ज्याला कळा येताहेत त्याच्याशी मनाच्या गोष्टी काय बोलणार? मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे दचकतात, "म्हणजे आता शेवट आला का?" तसं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेत माणसं महिनोन्‌महिने हिंडती-फिरती असतात. फक्त त्यानं पोट बांधून येतं, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध मागून घ्या.

रुपयात किती आणे?

मदत कधी घ्यावी, याचं एक सोपं माप आहे. अमेरिकेत जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सर आणि मन यांच्या अभ्यासाला वैद्यकशास्त्रात जागा मिळवून दिली. मानसिक त्रास मोजण्याचं एक मापक तिथून पुढे रुळलं. त्यात विचारायचं एवढंच : गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, शून्य ते दहापैकी? चार किंवा जास्त म्हटलं तर जाणकाराशी बोलायची वेळ झाली. आमच्याकडच्या वयस्कर पेशंटना शून्य ते दहा काही पटत नाही. मी विचारते, "आजी, रुपयात किती आणे त्रास?" "बारा आणे गं बाई," असं उत्तर झटकन येतं. सहा-सात आण्यांच्या वर गेलं की मी पुढचं विचारते. घरीही दर रविवारी हा प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि पेशंटच्या शेजारी बसलेल्या माणसालाही तो विचारा.

आता जायचं कुठे? पहिली पायरी दवाखान्यातच असते. सरकारी आणि ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. लोक तिथे फक्त पैशाच्या अर्जाला जातात. पैशासाठी जरूर जा, कारण निम्म्याहून जास्त वेळा "निराशा" म्हणून आलेली गोष्ट खरं तर कर्जाची काळजी असते; महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केस बसते का, रेल्वेची सवलत कशी घ्यायची, हे कळल्यावर माणूस निम्मा मोकळा होतो. मुंबईत उपचारांना जाणाऱ्यांना राहण्याचीच धास्ती असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड यांची चौकशी आधी करून ठेवा. रुग्णालयात अर्ज देऊन झाला की त्या विभागातल्या समाजसेवकाला मनातलंही सांगा. ते त्यांचंच काम आहे.

त्याच आजारातून गेलेल्या माणसाशी बोलण्याला तोड नाही. 'व्ही केअर' ही मुंबईची संस्था १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी सुरू केली, त्या स्वतः कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या. पोटावर पिशवी बसवलेल्या बाईला मी तासभर समजावलं तरी तिच्या मनातून जे जात नाही, ते तशीच पिशवी लावून लोकलनं आलेली दुसरी बाई पाच मिनिटांत घालवते.

खेड्यात जवळ काहीच नसेल तर १४४१६. सरकारची ही टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. फोन फुकट, कुठल्याही वेळी, मराठीत बोलता येतं.

समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना लोक घाबरलेले असतात, "मी काय वेडा आहे का?" तिथे काय होतं ते सांगून ठेवते. पाऊण तास तुम्हीच बोलता. उपदेश होत नाही. होत असेल तर माणूस बदला. तुम्ही सांगितलेलं घरी कळवलं जात नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दलही तिथे विचारता येतं. पेशंट हे आपणहून कधीच काढत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत, म्हणून कितीतरी जोडपी एका घरात वर्षानुवर्षं परक्यासारखी राहतात. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या तर घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र कॅन्सरची सगळी औषधं त्यांना दाखवा. स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर नैराश्यावरच्या पॅरॉक्सेटिनसारख्या काही गोळ्या तिचा असर कमी करतात. त्याऐवजी दुसऱ्या देता येतात.

एका गोष्टीसाठी मात्र रविवारच्या प्रश्नापर्यंत थांबू नका. "आता पुरे झालं" असं बरेच जण म्हणतात, ते थकव्याचं बोलणं असतं. पण कुणी देवाण-घेवाण आटपू लागलं, जपलेल्या वस्तू वाटू लागलं, किंवा "मी गेलो की तुम्ही सुटाल" असं पुन्हा पुन्हा म्हणू लागलं, तर सरळ विचारा : "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट माणूस सुटल्यासारखा बोलू लागतो. त्याला एकटं ठेवू नका, औषधांचा डबा तुमच्या ताब्यात घ्या, आणि डॉक्टरांना किंवा १४४१६ ला त्याच वेळी फोन करा.

उपचार संपल्यावर, आणि नंतर

उपचार संपले की घरात पेढे येतात आणि नेमकं तेव्हा पेशंट गळून जातो. सगळ्यांना हे चमत्कारिक वाटतं. इतके दिवस रोज कुणीतरी तपासत होतं, आता तीन महिन्यांनी या म्हणतात. प्रत्येक फॉलोअपच्या आधीचा आठवडा खराब जाणार हे गृहीत धरा. त्या आठवड्यात लग्नकार्याची बोलणी, घराचा व्यवहार असलं काही ठेवू नका. रिपोर्ट आणायला त्याला एकट्याला पाठवू नका.

आणि कधी कधी डॉक्टर सांगतात की आता गाठीवरचं औषध थांबवू. म्हणजे सगळंच थांबलं असं नाही. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून अशा पेशंटना सांभाळतंय, गोव्यातही त्यांचं सदन आहे. आता बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत परिहार सेवेचा (पॅलिएटिव्ह केअरचा) विभाग असतो. तिथे लवकर जा. उशिरा आलेल्या कुटुंबांना बोलायला वेळच उरत नाही. कंडक्टरकाका लवकर आले होते. बाप-लेकाला मी एका खोलीत बसवलं आणि पाटीची गोष्ट काकांनाच सांगायला लावली. मुलगा आधी हसला, मग बराच वेळ रडला. पुढचे पाच महिने दोघांनी मिळून बँकेची कामं केली, गावच्या जमिनीचा सातबारा केला, आणि काकांना जुन्या रूटवरून एकदा जायचं होतं ते गेले, पुढच्या सीटवर बसून.

काका वारल्यावर बारा-तेरा दिवस घर भरलेलं होतं. चौदाव्या दिवशी चुली शांत. सांत्वनाचे फोन खरं तर दुसऱ्या महिन्यात करायचे असतात, तेव्हा कुणी करत नाही. मी केला. काकू म्हणाल्या, "बरी आहे. फक्त मोबाईलवर त्यांच्या दहाच्या गोळीचा गजर लावलेला आहे, तो बंद करायला हात धजत नाही." मी म्हटलं, राहू दे. दहाला वाजला की मला फोन करत जा. दोन-अडीच आठवडे रोज त्यांचा फोन येत होता.